खाटेवरून शिकवणाऱ्या मावशी

मावशी घरात आल्या की दोन्ही हात काखेत घालून दोन मिनिटं गप्प उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई भलतीच आखडू दिसते. आमच्या डोकमर्डीतल्या घराच्या दोन खोल्यांची तपासणी करायला साहेब यावा, तशी उभी. शेवटी मी विचारलं, "कामाला सुरुवात कधी करणार?"

"हात गरम होऊ द्या, बाई. गार हात लागला तर आजी दिवसभर मला वैरी समजतील."

माझ्या सासूबाई तेव्हा वर्षभर अंथरुणाला खिळल्या होत्या; त्यांच्या सेवेसाठीच मावशींना ठेवलं होतं. माझे हात त्यांना कसे लागतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी सरकारी शाळेतली मराठीची शिक्षिका. प्रश्न मी विचारायचे, तेही ज्यांची उत्तरं मला आधीच पाठ असत तेवढेच.

मावशी शहाद्याकडच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. नवरा मसाटला धाग्याच्या कारखान्यात होता. दर दोन तासांनी त्या सासूबाईंची कूस बदलायच्या आणि म्हणायच्या, "माणूस भाकरीसारखा असतो, बाई. एका अंगावर ठेवला की करपतो." मी महागडी पावडर फासफासून जी पाठीवरची जखम वाढवली होती, ती त्यांनी दीड महिन्यात बरी केली. श्रेय अर्थातच मी पावडरीला दिलं.

त्याच सुमारास वृद्धांच्या सेवेवर संशोधन आणि सेविकांचं प्रशिक्षण यांसाठी सरकारी निधी येणार असल्याचं कळलं. प्रस्ताव कोण लिहिणार? छप्पन्नाव्या वर्षी मी स्वतःला फार हुशार समजत असे आणि माझ्याकडून कागद लिहून घेणाऱ्या सरकारी ऑफिसातल्या लोकांनीही तो गैरसमज सोयीने जपला होता. मी जेवणाच्या टेबलाशी बसून लिहायचे आणि अडलं की आतल्या खोलीत ओरडायचे, "मावशी, घास अडकला तर काय करता?" त्या सांगत, मी ते अवघड भाषेत उतरवत असे. सगळं लिहून झाल्यावर मजकूर जरा हलका वाटला, म्हणून शेवटी स्वतःच्या मनाने एक वाक्य घातलं: प्रशिक्षक किमान दहावी उत्तीर्ण असावा. ते कोणी मागितलं नव्हतं. कागदावर शोभून दिसत होतं, एवढंच.

निधी मंजूर झाला. आधी संशोधन झालं. त्यासाठी वृद्धांना एका सभागृहात बोलावलं, ते दुसऱ्या मजल्यावर. जिने चढू शकणारे म्हातारे तेवढे आले आणि आपल्याकडच्या वृद्धांची तब्येत उत्तम असल्याचा निष्कर्ष निघाला. अहवालाची भाषा मीच तपासली. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.

मग जवळच्याच आमलीत प्रशिक्षण सुरू झालं. शिकवायला शहरातून एक मॅडम आल्या, पण सरावासाठी मागवलेला पुतळा काही आला नाही. तेव्हा मी मोठ्या मनाने सुचवलं, "आमच्या मावशींना खाटेवर झोपवू." अशा रीतीने त्या अख्ख्या हॉलमध्ये जिला हे काम येत होतं, तिला मी पेशंट केलं.

मावशी डोळे मिटून पडल्या आणि बोलू लागल्या. "पोरी, खांदा धरून ओढू नको, मी सिमेंटची गोणी नाही. कमरेखाली हात घाल. आणि आधी सांग, मावशी, आता वळवते हं."

एक मुलगी हसून म्हणाली, "मावशी, पेशंट एवढा बोलत नसतो."

"म्हणून तर मी बोलते. त्याचं तुला कोण सांगणार?"

तिसऱ्या दिवशी मॅडमनीही वही काढली. शेवटच्या दिवशी सगळ्या मुलींना प्रमाणपत्रं मिळाली. पेशंटला ते देण्याची पद्धत नाही.

घरी येताना रिक्षात मावशींनी विचारलं, "बाई, पुढच्या तुकडीला मी उभी राहून शिकवलं तर चालेल? पोरींना समजतं माझं. आणि मलाही आवडलं."

"दहावी लागते, मावशी."

"कोणी ठरवलं?"

"वरून आलंय," मी म्हणाले.

बत्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेली जीभ अजिबात अडखळली नाही. मावशींनी मान हलवली. "वरच्यांना काय माहीत," एवढंच म्हणाल्या, आणि घरी आल्यावर आजींच्या खोलीत गेल्या.

सासूबाई चार महिन्यांनी गेल्या, पाठीवर एक ओरखडा नसताना. मसाटच्या कारखान्याने माणसं कमी केली, तेव्हा मावशी नवऱ्याबरोबर सुरतेला निघून गेल्या. मग कुठे माझ्या अंगात धैर्य आलं. दहावीची अट काढावी, असा चार ओळींचा अर्ज मी केला. मला वाटलं होतं, वर्षभर फाइल फिरेल आणि मला निदान झगडल्याचं समाधान मिळेल. मंजुरी आठ दिवसांत आली. कोणी कारणसुद्धा विचारलं नाही.

मी लगेच मावशींना फोन लावला. "मावशी, या. आता तुम्हाला शिकवता येईल. अट काढली."

पलीकडे त्या कुणाला तरी हळूच म्हणाल्या, "आता वळवते हं, आजी." मग मला म्हणाल्या, "आता नाही जमायचं, बाई. इथे या आजींना माझ्याशिवाय कोणाचा हात चालत नाही. मागच्या वर्षी झालं असतं तर..." आणि लगेच विचारलं, "पण काढली कोणी?"

"वरच्यांनी," मी म्हणाले.

"भला माणूस दिसतो. माझा नमस्कार सांगा त्याला."

सांगते, म्हटलं.