पांढरीचा तुकडा

कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर आमच्या घरचा भाताचा एक तुकडा होता. त्याच्या वरच्या अंगाला मातीचा उंचवटा होता. फार जुन्या काळी माणसं राहून गेलेल्या जागेला पांढर म्हणतात, म्हणून तो पांढरीचा तुकडा. नांगर फिरला की तिथं खापरं वर यायची. मी शाळेत इतिहास शिकवायची, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हापासून ती खापरं मी गोळा करायची. माझी थोरली जाऊ मात्र त्या उंचवट्याच्या एका कोपऱ्याला नांगर लागू द्यायची नाही. त्याचं कारण मला सासूबाईंनी सांगितलं. जावेची पहिली मुलगी काही महिन्यांची होऊन गेली होती आणि तिला तिथं पुरलं होतं. पुढं जावेला मूल झालं नाही.

तीन वर्षांपूर्वी दिरांनी आणि माझ्या यजमानांनी तो तुकडा विकला. घेणाऱ्याला फार्महाऊस बांधायचं होतं. मी आणि जाऊ, दोघीही स्वयंपाकघरात होतो. व्यवहार ओटीवर ठरला. रात्री जेवताना दीर म्हणाले, "दिला गं तो तुकडा." तिनं त्यांच्या ताटात भात वाढला, स्वतः मात्र जेवली नाही.

दिवाळीनंतर जेसीबी आला. उंचवटा कापून जमीन सपाट करायला घेतली. मातीतून मोठाल्या विटा निघाल्या, खापरं निघाली. मी ओळखीतून पुरातत्त्वाच्या दोन अभ्यासकांना कळवलं. ते दोघं आले तेव्हा निम्म्याहून जास्त उंचवटा गेला होता. त्यातल्या तरुण बाईनं कापलेल्या कडेतून शंखाच्या बांगडीचा तुकडा काढला आणि बराच वेळ तळहातावर ठेवला. म्हणाली, "घाटावरून बंदराकडे जाणारी जुनी वाट इथूनच असणार. वर लेणी कोरली गेली, तेव्हा भिक्षूंना धान्य देणारी माणसं कदाचित इथंच राहत असतील. आधी कळलं असतं तर..."

तेवढ्यात जाऊ बांधावरून खाली आली. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तिनं त्या बाईला विचारलं, "बाय, लहान पोराची हाडं गावली का गं तुला?"

बाईला वाटलं, त्या जुन्या लोकांबद्दल विचारतेय. ती समजावून सांगू लागली, "नाही हो मावशी. इथं पाऊस फार. या मातीत हाडं टिकत नाहीत, विरघळून जातात. लहान मुलांची तर आधीच."

"म्हंजे काईच नाय?"

"काहीच नाही."

जाऊ मान हलवत राहिली. मी त्या बाईला बाजूला घेऊन खरं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती जावेजवळ गेली. तिनं जावेचा हात धरला.

"मग ती मातीतच हाय," जाऊ म्हणाली. "माती कुठं नेली रं?" हे तिनं जेसीबीवाल्याला विचारलं.

"शेलूला, आजी. बिल्डिंगच्या भरावाला."

त्यानंतर ती मला रोज म्हणायची, एकदा शेलूला जाऊन येऊ. दिरांनी ऐकलं आणि म्हणाले, "येडी हायेस का?" शेवटी एका रविवारी मी तिला रिक्षानं घेऊन गेले. स्टेशनच्या पलीकडे नव्या इमारती उभ्या राहत होत्या. माती वाहून नेणाऱ्या डंपरवाल्यानं सांगितलेली जागा सापडली. भरावावर काँक्रीट झालं होतं, वर खांब उभे होते. वॉचमनला वाटलं, फ्लॅट बघायला आलो. त्यानं हसून आम्हाला आत सोडलं.

जाऊ एका खांबाजवळ उकिडवी बसली. काँक्रीटवर हात फिरवला. गार होतं. तिनं कमरेची पिशवी सोडली, त्यात घरून आणलेलं बाळाचं झबलं होतं, धुवून धुवून विरलेलं. ती ते तिथं ठेवणार होती. इकडंतिकडं पाहिलं, ठेवायला माती कुठंच नव्हती. झबलं तिनं परत पिशवीत घातलं.

"चल," ती म्हणाली.

परत येताना रिक्षात तिनं मला मुलीचं नाव सांगितलं. बारशाला आत्यानं ठेवलेलं. एकाच घरात इतकी वर्षं राहून मी ते पहिल्यांदाच ऐकलं. तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं, हळूच, आणि आमचं भिसेगाव येईपर्यंत बाहेर बघत बसली.