वाकळेखालचा टीव्ही

लिंबाजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उठला की आधी लोखंडी पाने पुसायचा, मग तोंड धुवायचा. त्या वर्षी तोंडाला वाटीभरच पाणी मिळायचं, त्यामुळे दुसरं काम लवकर उरकायचं.

बोअरमधल्या मोटारी काढायच्या आणि सोडायच्या, हा आमचा धंदा. मी चेनपुली ओढायचो, लिंबाजी पाना धरायचा. लोकांना ओढणं जड वाटतं. पण ओढणारा दमला की थांबू शकतो. पाना धरणाऱ्याला ती सोय नाही; पाना सुटला की पाइप खाली गेला.

लातूर जिल्हा नवा झाला होता. ऑफिसं आली होती, गाड्या आल्या होत्या. पाऊस तेवढा आला नव्हता. निलंग्याच्या पलीकडच्या आमच्या गावात एकाच बोअरला पाणी उरलं होतं. त्याचा पाइप जोडावर तुटला आणि मोटार खाली पडली. तुटकं टोक भिंतीला टेकलंय की कपारीत शिरलंय, हे वरून कळेना. न बघता मोटार ओढायचा आकडा घातला आणि टोक कपारीत दाबलं गेलं, तर मोटार कायमची अडकणार. बोअर मेला म्हणून सोडून द्यायचा. मग टँकर, आणि टँकरला आमच्या गावचा रस्ता क्वचितच आठवायचा.

म्हणून बिदरकडून मलप्पाची जीप बोलावली. तिच्यात बोअरमध्ये सोडायचा कॅमेरा होता आणि त्याचं चित्र दाखवणारा मॉनिटर. मलप्पाने बटण दाबलं. मॉनिटर एकदा पांढरा झाला आणि काळा पडला. रस्त्याच्या दणक्यांनी आत काहीतरी तुटलं होतं.

"आता?" लिंबाजीने विचारलं.

"आता काय, बिदर. अन् उद्या दुसऱ्या गावाला जबान दिलीय. सांजच्याला निघावंच लागतंय बगा."

"दुसऱ्या कशात दिसत न्हाई का?"

मलप्पाने डोकं खाजवलं. चित्र टेपवर उतरवून घेणारं यंत्र जीपमध्ये होतं. त्याची तार घरच्या टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात घातली की चित्र येतं, म्हणाला. "पण बॅटरीवरचा टीव्ही पायजे. हितं दिवसा करंट कुठाय?"

तसा टीव्ही गावात एकच होता, साबेराचा. काळा-पांढरा, लहानसा. लोकांचे कपडे शिवून तिने घेतलेला. तिचं घर बोअरसमोरच. लिंबाजी दारात गेला.

"भाभी, टीव्ही लागतोय. बोअरमधी बघायचं हाय."

"माझा टीव्ही बोअरमधी टाकतूस का रे?"

"टीव्ही वरच ऱ्हातो. कॅमेरा जातो."

"मंग मी बी टीव्हीपाशीच बसते. दुसऱ्याच्या हाती देणार न्हाई."

टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला. मलप्पाने कॅमेरा बोअरमध्ये सोडला. वैशाखाचं ऊन. काचेत साबेराचंच तोंड दिसत होतं, बाकी काही नाही. तिने घरातून वाकळ आणली आणि टीव्हीसकट स्वतःवर ओढून घेतली. आतून ओरडली, "दिसायलंय! नळकांडं दिसायलंय!"

दुसरी अडचण मग कळली. दिशा दाखवणारा काटा त्या बिघडलेल्या मॉनिटरातच होता. कॅमेरा तारेवर गरगर फिरतो. चित्रातली बाजू बाहेरची कुठली, हे ओळखायला खूण हवी. आकडा मात्र आमच्या पाइपला घट्ट बसवलेला. वर पाना धरला की तो खाली हलत नाही. लिंबाजीने आकड्याच्या तोंडाला चिंधी बांधली आणि तोंड ओढ्याकडे ठेवलं. चिंधी घेतली लाल. गाडीबाहेर लोंबणाऱ्या मालाला आम्ही लालच बांधतो. हात सवयीने तिकडे गेला. पाइपाला पाइप जोडत आकडा खाली सोडला.

"चिंधी दिसती का?"

"न्हाई."

"नीट बघ की."

"अरे, चिंधी बी काळी, दगड बी काळा. काय बघू?"

काळ्या-पांढऱ्या टीव्हीत लाल रंग काळा दिसतो, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, मलप्पाच्याही. सगळे पाइप वर घेतले. तितकेच पुन्हा जोडायचे. दुपार त्यात गेली, माझ्या तळहाताची साल गेली. लिंबाजीने लाल चिंधी सोडून टाकली. डोक्याच्या पटक्याची पांढरी पट्टी फाडून त्याने बांधली.

"आता दिसली! मोटारीचा पाइप तिच्या उजवीकडं—"

"उजवं-डावं सांगू नको. तुझं उजवं येगळं, माझं येगळं. चिंधी म्हंजे ओढा. त्यावरून पाइप कुठाय, ते गावातलं नाव घेऊन सांग."

वाकळेखालून तिचं बोट बाहेर आलं; ओढा, चावडी, वेस असं फिरून आत गेलं.

"चावडीकडं भिताडाला टेकलाय. कपार वेशीकडं हाय."

म्हणजे वेशीच्या अंगाने फिरवणं बंद. आकड्याचा धक्का लागून टोक कपारीत गेलं असतं. लिंबाजी पाना उलट्या बाजूने दाबू लागला.

"अजून चावडीकडं. बोटभर. थांब, लई झालं. माघारी ओढ्याकडं."

लिंबाजीच्या दंडाला पीळ पडला होता. वाकळेतून जळका वास आला.

"भाऊ, टीव्ही तापला."

"बंद कर. निवू दे."

मलप्पाने सूर्याकडे बघितलं. "निवायला थांबलं तर माझं निघायचं व्हईल."

"बंद कर, भाभी. तुझ्या कष्टाचा हाय त्यो."

"अन् पाणी कुणाच्या कष्टाचं? तान्हेली बसून टीव्ही बघू का? फिरव तू!"

लिंबाजीने फिरवला.

"खाली. आणखी खाली. आता चावडीकडं... गेला, जोडाच्या कडेखाली गेला! घे वर! ... आरं, गेला."

"आकडा सुटला?"

"न्हाई. टीव्ही गेला."

आता आत काय चाललंय ते बघायला काहीच नव्हतं. आकडा निसटला तर दुसरी संधी नव्हती. मी साखळी ओढली. वजन आलं. एकेक पाइप वर यायचा, लिंबाजी तो पान्याने खोलायचा, खालच्याला वळू द्यायचा नाही. गाव भोवती उभं होतं. दिवस मावळायच्या आत चिखलाने माखलेली मोटार तोंडाशी आली.

साबेरा वाकळेतून बाहेर आली. अंगावर कोरडा धागा नव्हता. "निघाली?" एवढंच विचारून ती ओट्यावर आडवी झाली.

गावाने टीव्हीसाठी वर्गणी काढायचं ठरवलं. ती काही निघाली नाही. टीव्ही वाकळेत गुंडाळून लिंबाजी एसटीने लातूरला घेऊन गेला. दुरुस्तीवाल्याने पिक्चर ट्यूब गेल्याचं सांगितलं. लिंबाजीच्या घराला तेव्हा दार नव्हतं, तरटाचा पडदा होता, आणि त्या उन्हाळ्याची मजुरी त्याने दारासाठी ठेवली होती. त्याची बायको पंचशीला म्हणाली, "दार लावून काय राखायचंय आपल्याला? जा, टीव्ही नीट करून घेऊन ये."

त्या मजुरीतून साबेराच्या टीव्हीला नवी पिक्चर ट्यूब बसली.