बत्तीस पानांची जागा

एनिड थॉर्लीच्या टेबलावर बत्तीस चौकोन आखलेली एक लाकडी पाटी असे आणि शेजारच्या खोक्यात क्रमांक घातलेले पुठ्ठ्याचे तुकडे. मँचेस्टरच्या आमच्या गणकयंत्र विभागात ती अकरा वर्षं एकच काम करत होती. यंत्राची जलद स्मृती लहान, जेमतेम बत्तीस पानांची; एक पान म्हणजे पाचशेच्या आसपास आकड्यांचा गठ्ठा. बाकीचा सगळा मजकूर फिरत्या चुंबकी ड्रमवर. ड्रमवरचं पान आत आणायचं तर आतलं एखादं बाहेर काढावं लागे. कोणतं काढायचं आणि केव्हा, हे आधीच ठरवून प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवणं हे एनिडचं आणि तिच्या हाताखालच्या तिघींचं काम. शास्त्रज्ञ आपली गणितं घेऊन येत. या चौघी पाटीवर पुठ्ठे हलवून ती गणितं त्या अरुंद जागेत बसवून देत. एक पान बाहेर काढण्यापूर्वी एनिड जेवढा विचार करी, तेवढा विचार माणसांना बाहेर काढताना करणाऱ्या संस्था मी फारशा पाहिलेल्या नाहीत.

१९६३ साली नवं यंत्र चालू झालं. त्याची जलद जागाही बत्तीस पानांचीच, पण पानांची ने-आण ते स्वतःच करणार होतं. त्यासाठीचा नियम नॉर्मन लोमॅक्सनं लिहिला होता. नियम साधा होता: जे पान सर्वांत जास्त वेळ कुणी मागितलेलं नाही, ते बाहेर. विभागाचे प्रमुख डॉ. कर्शॉ यांनी एक कसोटी ठरवली. ऐंशी पानं व्यापणारं, आकड्यांच्या दोनशे ओळी आणि दोनशे स्तंभांचं एक गणित नव्या यंत्रावर दोन्ही पद्धतींनी सोडवायचं. यंत्र एनिडच्या आराखड्याच्या जवळपास आलं, तर चौघींचा गट बंद. नाही आलं, तर तो चालू राहणार. हे त्यांनी सर्वांसमोर सांगितलं, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता.

कसोटीच्या दिवशी एनिडचा आराखडा एक्केचाळीस मिनिटांत पूर्ण झाला. मग नॉर्मनची पाळी आली. यंत्राला एक कर्णा जोडलेला होता. काम चालू असताना त्यातून आवाज येई, आणि यंत्र काय करत आहे हे आम्ही सगळे त्यावरून ओळखत असू. एक तास झाला. दोन झाले. दर वेळी ड्रमवरून पान यायची वाट पाहत कर्णा अडखळतच होता.

एनिडच्या हाताखालची बेरिल चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली. "काय रे नॉर्मन, तुझा हमाल अजून जिन्यातच आहे वाटतं?"

"थांबा हो जरा."

"आम्ही थांबतोच आहोत. आमचं काम केव्हाच झालं!"

तीन तासांनी डॉ. कर्शॉंनी यंत्र थांबवायला सांगितलं. बेरिलनं एनिडला मिठी मारली. बेरिलच्या नवऱ्याला गिरणीतून कमी केलं होतं, घर तिच्या पगारावर चालत होतं. एनिडनं मिठी मारू दिली, पण तिचं लक्ष कर्ण्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी ती नॉर्मनच्या खोलीत गेली. मी तिथंच बसलो होतो.

"नॉर्मन, काल तो कर्णा कसा अडखळत होता, ऐकलंस?"

"ऐकलं, मिस थॉर्ली. सगळ्या इमारतीनं ऐकलं."

"ठेक्यात अडखळत होता. तुझा नियमच चुकीचा असता तर कसाही अडखळला असता. तू आकडे कसे घेतोस? आडवे की उभे?"

"उभे. स्तंभाप्रमाणे. पुस्तकात तसंच दिलंय."

"आणि ड्रमवर ठेवलेत कसे?"

नॉर्मननं आपला कागद पुढे ओढून पाहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला. "ओळीनं."

"म्हणजे दर दोन-तीन आकड्यांना नवं पान. एका स्तंभासाठी ऐंशीच्या ऐंशी पानांची फेरी, आणि जागा बत्तीसांची. तू सर्वांत जुनं म्हणून जे बाहेर काढतोस, तेच पुढच्या फेरीत आधी लागतं."

"तुम्ही कसं केलंत?"

"ओळीनं. मला वेगळं काही सुचलंच नाही रे. हातानं पानं आणायची असली की उभं चालायची हिंमत होत नाही."

नॉर्मननं पेन्सिल खाली ठेवली. "हे मला का सांगताय? आठवडाभरात माझा नियम केराच्या टोपलीत गेला असता."

"म्हणूनच," ती म्हणाली.

नॉर्मननं क्रम बदलला. यंत्राला सत्तेचाळीस मिनिटं लागली. डॉ. कर्शॉ कागद पाहत म्हणाले, "सहा मिनिटांनी तुम्हीच पुढे आहात, मिस थॉर्ली. यावर वाद घालता येईल."

वाद घालता आला असता. निर्णय मंजूर करणारी समितीही ते मानायला तयार होती. कुणालाही चार बायकांना काढायची हौस नव्हती. पण एनिड म्हणाली, "माझ्या एक्केचाळीस मिनिटांच्या मागे एकोणीस दिवसांचं पाटीवरचं काम आहे. ते या कागदावर नाही. लिहायला हवं." आणि तिनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं.

चौघींचा गट वसंतात बंद झाला. एनिडला संथ चालणाऱ्या प्रोग्रॅमांवर सल्ला देण्याचं काम मिळालं, म्हणजे आपल्या सचोटीची किंमत तिला स्वतःला भरावी लागली नाही. ती बेरिलनं भरली. जाण्याच्या दिवशी कोट घालताना बेरिल म्हणाली, "तू गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

"वर्षभर काही बिघडलं नसतं."

"मला वर्ष पुरलं असतं, एनिड. धाकटीची शाळा संपली असती."

एनिडनं उत्तर दिलं नाही. मला अनेकदा वाटलं की तिच्याकडे उत्तर असावं, आणि ते बेरिलला ऐकवणं तिला क्रूर वाटलं असावं. पुढे मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "नाही. उत्तर नव्हतंच. खरं काय ते मला माहीत होतं, आणि बेरिलला पगार हवा होता. दोन्ही एकाच दिवशी माझ्यासमोर आलं." त्यानंतर दर नाताळात ती बेरिलला पत्र लिहीत राहिली. तिसऱ्या वर्षी बेरिलनं उत्तर पाठवलं: धाकटी आता कापडाच्या दुकानात कामाला लागली आहे, आणि एनिडनं एकदा जेवायला यावं.