यमुनामावशींचं नाक

नवी बाटली हातात आली की यमुनामावशी तिच्यावरचं लेबल बघायच्या नाहीत. झाकण फिरवून काढायच्या, बाटली माझ्या हातात द्यायच्या आणि झाकणाची आतली बाजू नाकाशी धरून डोळे मिटायच्या. "बाटलीच्या तोंडाशी सगळ्यांचाच वास गोड येतो, भाऊ. झाकनाला काय चिकटलंय ते हुंग," म्हणायच्या.

मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या दारात राहायच्या, मुलगा आणि सून सारिका यांच्याबरोबर. त्याआधी सारी हयात आगाशीच्या बाजारात सुकी मासळी विकली होती. गुडघे गेले तेव्हा बसणं सुटलं. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. मी घरून नोकरी करणारा. बायको सकाळी अंधेरीला जाते, लेक कॉलेजात, त्यामुळे दुपारचं जेवण माझं मी करतो. निदान तसं सांगतो तरी.

आमची ओळख माझ्या स्वयंपाकामुळे झाली. लेकीने रामेनच्या सॉसची बाटली आणून ठेवली होती. रामेन म्हणजे जपानी शेवया, रश्श्यातल्या. आणि त्या रश्श्याचा अर्क या बाटलीत. गरम पाण्यात दोन चमचे घातले की झालं, असं लेक सांगून गेली होती. पण फोडणीशिवाय जेवण कसलं, म्हणून मी तेल तापवलं आणि त्यात अर्धी बाटली ओतली. धूर दारापर्यंत गेला. बेल वाजली. दारात एक ठेंगणी म्हातारी, पदर नाकाला नाही, कमरेला खोचलेला.

"बोंबील कोन भाजतंय?"

"बोंबील नाहीत मावशी, जपानी सॉस आहे. सोयाबीनचा."

"जपानी असेल. पन मासा हाय. आनि उन्हातला नाय, धुरावर सुकवलेला."

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. पापलेट आणि पापलेट नसलेले, एवढीच माझी माशांची वर्गवारी. मी हसलो. मग बाटलीवर आयात करणाऱ्याने चिकटवलेला पांढरा कागद नखाने खरवडला, चष्मा लावला आणि बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. सुकवून धुरी दिलेला मासा. मावशी एव्हाना आत येऊन गॅस बंद करून मोकळ्या झाल्या होत्या.

त्या दिवसापासून दुपारी साडेबाराला त्या यायच्या आणि माझी शिकवणी सुरू व्हायची. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून दुकानात मी बाटलीवरची घटकांची यादी, जे जास्त ते आधी, मोठ्याने वाचायचो. "पयलं नाव कशाचं?" असं विचारायच्या. पहिलं नाव मिठाचं निघालं तर म्हणायच्या, "ठेव परत. मीठ आपल्या घरात हाय." दुकानातला पोरगा आम्हाला बघितलं की फ्रीजच्या मागे जायचा. सॉस कधीच उकळायचा नाही, भांड्याच्या तळाशी घालून वरून शेवयांचं कढत पाणी ओतायचं. आधी कमी घालायचा, चाखायचं, मग वाढवायचा. काळ्या सॉसला उकडलेलं अंडं आणि कांद्याची पात. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, जाड पिवळ्या सॉसला कोबी. आणि वरून, जपान्यांना कधी कळणार नाही असा, चिमूटभर भाजलेला सुका जवळा. दहा मिनिटांत जेवण. माझ्या बायकोने एका रविवारी ते खाल्लं आणि मला विचारलं, "कोणी केलं?" मी म्हणालो, मी. तिने समोरच्या दाराकडे बघितलं.

मग एका पावसाळ्यात मावशींना ताप आला. आठवड्याने उठल्या, पण पुढचे दोन महिने आल्या नाहीत. आल्या तेव्हा अंगातलं पोलकं ढगळ झालेलं. मी त्यांना खूश करायला तिळाचा सॉस काढला. त्या झाकण न हुंगताच खाऊ लागल्या. लेक त्या दिवशी घरी होती. पहिला घास घेऊन म्हणाली, "बाबा, हे खवट झालंय."

मावशींनी चमचा खाली ठेवला. त्यांचं भांडं अर्धं रिकामं होतं.

लेक उठून गेल्यावर त्या म्हणाल्या, "दोन महिने झाले. कसलाच वास येत नाय. खारट-गोड कळतं, बाकी नुसतं तोंडात काहीतरी फिरतं. सारिकेला सांगू नको."

"डॉक्टर?"

"येईल म्हणतो. नाय बी येनार म्हणतो. तिला कळलं तर गॅसला हात लावू द्यायची नाय. मग मी दिवसभर करू काय? भिंतीला हुंगू?"

मी खूप समजूतदार चेहरा केला आणि सारिकाच्या बाजूचा मुद्दा मांडला: दिवसभर एकट्या असता, शेगडी विझून गॅस सुटला तर कळणार कसं? त्यांनी माझ्या नाकाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तू हायेस ना."

तेव्हापासून त्या आमच्याच ओट्यावर रांधू लागल्या आणि वास घ्यायचं काम माझ्याकडे आलं. ते मला अजिबात जमेना.

"काय येतंय?"

"छान वास येतोय."

"छान हा काय वास हाय? मासा हाय का? गूळ? करपलंय? कालचं हाय?"

नोकरीत बावीस वर्षं मी अहवाल लिहिले. अशी उलटतपासणी माझी कोणी घेतली नव्हती. रोज झाकण हुंगून मी एकेक शब्द शोधायचो आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. एकदा नवी बाटली उघडून मी म्हणालो, "मासा आहे. पण धुरावरचा नाही. उन्हातला, आणि नीट वाळलेला नाही, आत जरा ओल राहिलीय." त्यांनी डोळे उघडले. पुन्हा विचारलं नाही. "मग लिंबू लागेल," म्हणाल्या, आणि पिळलं.

त्याच संध्याकाळी तो रस्सा घेऊन त्या सारिकासमोर बसल्या. मलाही बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. "खा आधी," म्हणाल्या. सारिका कामावरून आलेली, भुकेली. तिने सगळं संपवलं. मग मावशींनी सांगितलं. सगळं, गॅसची माझी भीतीसुद्धा.

सारिका रिकाम्या भांड्याकडे बघत राहिली. "इतके दिवस मला का नाही सांगितलंत, आई?"

"तू शेगडी काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "भाऊ, दुपारी घरी असता ना रोज? नक्की?"

मी हो म्हणालो. आयुष्यात इतक्या गंभीरपणे मला कुणी कामावर ठेवलं नव्हतं.

"मग करा, आई. पण हे आल्याशिवाय बटण फिरवायचं नाही."

वास परत आला नाही. पण दुसऱ्या दिवशी साडेबाराला समोरचं दार उघडलं आणि मी मीटिंगमध्ये बोलत असतानाच हाक आली, पलीकडच्या अकरा जणांना स्पष्ट ऐकू गेलेली:

"भाऊ, नाक घेऊन ये."