वीज परत आल्यानंतरचं काम

दिनेश गेल्याचं कळलं तेव्हा मी परीक्षेच्या हॉलमध्ये होतो. धुळ्याहून त्याच्या बायकोचा, सुनंदाचा फोन आला. "भाऊ, हे सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली. मी उरलेल्या उत्तरपत्रिका वाटल्या आणि मग बाहेर आलो. ते अजून खुपतं... पण त्याच्याशी मी याहून वाईट वागलो होतो.

जळगावच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तो संगणकाची लॅब सांभाळायचा, मी शिकवायचो. भंगारात निघालेले संगणक एकमेकांना जोडून त्याने कॉलेजचा स्वतःचा क्लाउड उभा केला. त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत होतं, कुणीही उघडून बदलावं असं. विद्यार्थ्याने पडद्यावर मागणी नोंदवली की मिनिटभरात त्या ढिगातून त्याला हवं तसं आभासी यंत्र, म्हणजे पडद्यावरच चालणारा संगणक, तयार होऊन मिळायचं. अडचण एकच, वीज. ती गेली की सगळं बंद पडायचं, आणि परत आल्यावर कुणाची माहिती कोणत्या यंत्राला जोडायची हेच सॉफ्टवेअर विसरून जायचं. ते लिहिणारे लोक जगभर पसरलेले; त्यांच्याकडे वीज जात नसावी. दिनेशने ती दुरुस्ती लिहून पाठवली. त्यांनी ती घेतली, आणि हळूहळू तो सगळा भागच त्याच्यावर सोपवला. परदेशातल्या मोठ्या कंपन्या त्याच्या ओळींवर विसंबून होत्या, आणि आमच्या स्टाफरूममध्ये त्याची ओळख प्रिंटर दुरुस्त करणारा माणूस अशी होती.

मग नव्या व्यवस्थापनाने ठरवलं, हा जुनाट पसारा काढायचा आणि बाहेरच्या कंपनीची सेवा घ्यायची. त्यासाठी नेमलेल्या समितीत मी होतो. दिनेशचं काम काय मोलाचं आहे ते तिथे फक्त मला कळत होतं. तरी 'कालबाह्य यंत्रणा' या शेऱ्याखाली मी सही केली. दोन दिवसांनी तो भेटला. आवाज चढवला नाही.

"बाकीच्यांचं काही नाही रे. त्यांना यातलं समजत नाही. तुला समजतं."

मी म्हणालो, "माझ्या हातात काही नव्हतं."

"पेन होतं ना," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्याला परीक्षा विभागात हॉलतिकिटं छापायला बसवलं. वर्षभरात तो नोकरी सोडून धुळ्याला घरी गेला. जगाचं काम मात्र त्याने सोडलं नाही. छातीत दुखायला लागल्यावरही नाही.

उत्तरकार्याला मी धुळ्याला गेलो. ओट्यावर बसलेल्या त्याच्या आईने, अक्कांनी, मला विचारलं, "बठ्ठी दुन्या त्यानं काम वापरस म्हणे. मंग एक बी माणूस कसा उना नही?" सगळं जग त्याचं काम वापरतं, तरी तिथून कुणीच आलं नव्हतं; त्यांना अजून कळवलंच नव्हतं.

ज्यांच्यासोबत तो काम करायचा त्यांना कळवायला हवं म्हणून सुनंदाने मला त्याच्या खोलीत नेलं आणि संगणक उघडून दिला. टपालपेटीत तक्रारींची रांग होती. एका परदेशी इंजिनिअरने तीन स्मरणपत्रं पाठवली होती. शेवटच्यात लिहिलं होतं, जमत नसेल तर जागा अडवून बसू नका. खाली दिनेशने सुरू केलेलं उत्तर न पाठवता राहिलं होतं : 'उशिराबद्दल क्षमस्व. तब्येत जरा बरी नाही. तुमची अडचण समजली, उद्यापर्यंत...'

बाकी सगळ्यांना मी कळवलं. त्या इंजिनिअरला नाही. काम कधी होणार, असं तो अजून दिनेशलाच विचारतो आहे. विचारू दे.