अ‍ॅव्हिसबाईंना तक्रार करता येईना

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावच्या माणसाला तुम्ही 'कसं काय' विचारलंत, तर त्याचा पाय मोडून लोंबत असला तरी तो 'तक्रार नाही' असंच म्हणणार. सगळं गाव तांब्याच्या खाणीत उतरलेल्यांच्या वंशातलं. रडायचं ते घरात, दार लावून, असा इथला रिवाज. अ‍ॅव्हिस ट्रेगिल्गस तर या बाबतीत गावाच्याही दोन पावलं पुढे. गेल्या वर्षी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, कोंबड्यांना दाणे टाकताना त्या पडल्या आणि खुबा मोडला. अँब्युलन्सवाले धावत आले, तर बाई चिखलात पडल्या पडल्या त्यांना विचारतात, "चहा झाला का रे तुमचा?"

एकतीस वर्षं त्यांनी फुटबॉल क्लबच्या स्वयंपाकघरात खिमा-बटाट्याच्या पास्ट्या भाजल्या. नवऱ्याला, स्टॅनला, शेवटपर्यंत घरीच सांभाळलं. या सगळ्यात कुणाची मदत म्हणून घेतली नाही. त्यामुळे मदत मागायची कशी असते हेच बाईंना ठाऊक नव्हतं, आणि आता नेमकी तीच वेळ आली होती.

म्हाताऱ्या माणसाने आपल्याच घरी राहावं म्हणून सरकार मदतीचा बराचसा खर्च उचलतं. अंघोळ घालायला कुणी, केरफरशीला कुणी, दवाखान्यात न्यायला कुणी. पैसा आपल्या हातात येत नाही, मदतनीस पाठवणाऱ्या संस्थेकडे जातो, थोडा वाटा आपण भरायचा. गरजेप्रमाणे आठ पायऱ्या केल्या आहेत, जितकी गरज जास्त तितकी पायरी वरची. कोण कुठल्या पायरीवर, ते ठरवायला सरकारचं माणूस घरी येतं, बघतं, विचारतं. इतकं सरळ आहे. घोळ एवढाच, की ते माणूस जे दिसेल आणि ऐकू येईल तेच लिहितं.

तपासणीला रोवीना नावाची बाई येणार असं पत्र आलं आणि अ‍ॅव्हिसबाईंनी तीन दिवस घर घासलं. परकं माणूस येणार आणि घर असं? शेजारच्या रेग पास्कोकडून गवत कापून घेतलं, पडदे धुऊन घेतले, चालायचा वॉकर कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपवला. ओठांना लिपस्टिक लावली. रोवीनापुढे गरम पास्टी ठेवली. स्वयंपाक जमतो का? ही काय समोर आहे. अंघोळ? काही त्रास नाही. आणखी काही? तक्रार नाही. रोवीना दोन पास्ट्या खाऊन, तिसरी कागदात बांधून गेली. बाई तीन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत.

पत्र आलं की मिसेस ट्रेगिल्गस यांना सध्या मदतीची गरज दिसत नाही.

दुसऱ्याच दिवशी अ‍ॅडलेडहून मुलाचा, ग्रॅहमचा, फोन. "आई, मदत मिळणार नसेल तर तू एकटी राहू शकत नाहीस. इथल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होतेय. मी तुझं नाव देतोय." बाईंनी फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. हे घर त्यांना सोडायचं नव्हतं. रेगला मात्र म्हणाल्या, "ग्रॅहम मजेत आहे."

रेग एकोणऐंशी वर्षांचा. गावात कुरकुऱ्या म्हणून प्रसिद्ध, आणि त्याच बळावर सरकारच्या तिसऱ्या पायरीवर बसलेला. खोलीचं त्याला ग्रॅहमकडूनच कळलं. त्याने फोनाफोनी करून पुन्हा तपासणी मागून घेतली, आणि मग बाईंची शिकवणी सुरू केली.

"कशा आहात, मिसेस ट्रेगिल्गस?" रेग सरकारी आवाज काढून विचारी.

"तक्रार नाही."

"चुकलं. परत."

"तशी बरी आहे."

"बरी आहेस तर जा ग्रॅहमकडे. खोली छान आहे म्हणतात."

मग बाईंनी कंबर कसली. हवेची तक्रार केली, नव्या पाद्र्याच्या लांबलचक प्रवचनाची केली, रेगच्या कुत्र्याची तर पाऊण तास केली.

"अगं, स्वतःबद्दल बोल."

"माझ्याबद्दल काय तक्रार असणार? मी कुणाला त्रास देत नाही."

रेगने कपाळाला हात लावला.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने बाईंचा झाडू, पोछा आणि साबणाची बाटली उचलून आपल्या शेडमध्ये कोंडली. त्यामुळे रोवीना आली तेव्हा घर जसं होतं तसंच होतं. सिंकमध्ये भांडी, खुर्चीवर कपड्यांचा ढीग, वाकता येत नाही म्हणून न आवरलेला बिछाना. बाई लाजेने लाल होऊन बसल्या होत्या.

"कसं चाललंय?" रोवीनाने विचारलं.

बाईंचं तोंड उघडलं, पण रेग मध्येच घुसला. "कसलं चालतंय? रोज पडते ती."

"रोज? काहीतरीच काय, रेग. आठवड्यातून दोनदा. फार तर तीनदा."

रोवीनाचं पेन चालू लागलं.

"वर्ष झालं, अंघोळ केली नाही," रेग म्हणाला.

"शुद्ध थापा! पोरी, याचं ऐकू नकोस. ईस्टरपासून फक्त टबात शिरत नाही. पाय उचलत नाही ना. स्टुलावर बसून रोज अंग पुसते मी."

"बिस्किटांवर जगते."

"सूप असतं की डब्यातलं!"

"डबा उघडता येतो तुम्हाला?" रोवीनाने हळूच विचारलं.

"सोमवारी रेग चार उघडून ठेवतो."

रेग मिशीतल्या मिशीत हसत होता. साठ वर्षांचा शेजार. ही बाई मेली तरी कुरकुरणार नाही, पण आपल्याबद्दल कुणी खोटं बोललेलं तिला मुळीच खपणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो फेकत गेला, त्या दुरुस्त करत गेल्या, आणि रोवीनाने तीन पानं भरली.

"आणि पडल्यावर उठवतं कोण?" तिने विचारलं.

"मीच की," रेग म्हणाला. "ती हाक मारते, मी कुंपणावरून येतो." सकाळपासूनचं हे त्याचं पहिलंच खरं वाक्य, निदान त्याच्या समजुतीने तरी.

बाई टेबलावरचं कापड नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "परवाच्या शनिवारी नाही मारली हाक."

"मग काय केलंत?"

"पडून राहिले. पायात जीव येईपर्यंत. चारेक तास असतील."

रेगचं हसू गेलं. "मी घरीच होतो, अ‍ॅव्हिस. मागच्या व्हरांड्यात, रेडिओ लावून."

"ठाऊक आहे. ऐकत होते मी."

"मग ओरडली का नाहीस?"

"तुझी मॅच रंगात आली होती."

रोवीनाने पेन खाली ठेवलं. रेगला संताप आला, आणि संतापापेक्षा लाज जास्त वाटली. इकडे तिकडे बघत तो कसाबसा म्हणाला, "हरलो आपण ती मॅच, बये."

"तेही ऐकलं. म्हणून नंतरही सांगितलं नाही."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पाचवी पायरी. पण रांग लांब, प्रत्यक्ष मदतीला काही महिने लागणार. ग्रॅहमने फोनवर तोच मुद्दा धरला. "तोवर कोण बघणार, आई? खोलीचं त्यांना शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

रेग समोरच बसला होता. आता ही 'सगळं ठीक आहे' म्हणते आणि घालवते घर, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.

"ग्रॅहम," बाई म्हणाल्या, "मी पडते रे. एकटीने उठता येत नाही. अंघोळ करता येत नाही." बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "शुक्रवारी तू ये. मला न्यायला नको येऊस. ड्रिल घेऊन ये, बाथरूमच्या भिंतीला धरायला काहीतरी बसवून दे, आणि मदत सुरू होईपर्यंत दर शनिवार-रविवार येत जा. मला तुझी गरज आहे."

"येतो," ग्रॅहम म्हणाला. "आई, हे तू कधी बोलली नाहीस."

"तू लहान होतास," छप्पन्न वर्षांच्या मुलाला बाई म्हणाल्या.