पाण्याच्या पाळीआधी

तोमेझोचं तोंड म्हणजे आमच्या कामिसावा वस्तीचा भोंगा. हिवाळ्यात पाटाच्या कडेला कुणी नुसतं फावडं टेकवलं, की हा खालच्या आळीतल्या घरातून ओरडायचाच. “ढेकूळ फोड! आधी फोड, मग टाक! तुझ्या बापाचा पाट आहे का?”

पाट सगळ्यांचाच होता. डोंगरावरचं पाणी त्यात सोडायचं आणि दारातलं बर्फ त्यात लोटायचं, म्हणजे ते थेट नदीला जातं. पाणी बेताचंच, म्हणून पाळ्या लावलेल्या. वरची आळी सात ते आठ, खालची आठ ते नऊ, दुपारी पुन्हा तसंच. फळी उचलून पाणी वळवायचं काम बत्तीस वर्षं तोमेझोकडे होतं. ‘पाणी नसताना पाटात बर्फ टाकू नये’ ही देवळाजवळची पाटीसुद्धा त्यानंच रंगवलेली. गुडघे गेले तेव्हा ते काम त्यानं शेजारच्या कियोमीकडे दिलं आणि ओरडण्याचं तेवढं स्वतःकडे ठेवलं.

त्याच्या बायकोची, हारुएची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार पावणेनऊला इस्पितळाची गाडी यायची आणि तिला डायलिसिसला न्यायची. मागच्या आठवड्यात आळीतल्या बर्फामुळे गाडी दोनदा माघारी गेली. मग नर्सबाईंचा फोन आला. “आजोबा, आता एकदा जरी चुकलं, तर आजींना वसंतापर्यंत इथेच ठेवून घेऊ. जिवाशी खेळ नको.”

बाई काही खोटं बोलत नव्हत्या. पण हिवाळ्यापुरतं म्हणून शहरात गेलेलं माणूस आमच्याकडे परत आलेलं नाही, हेही खोटं नाही. चौदा घरांतली आठ अशीच बंद झाली. त्यांची फावडी देवळाच्या पडवीत ओळीनं उभी आहेत.

शुक्रवारी उजाडलं तेव्हा कंबरेइतकं बर्फ पडलेलं. त्यात सरकारी यंत्र मोठा रस्ता साफ करून गेलं होतं आणि जाताना आळीच्या तोंडावर बर्फाची टणक भिंत रचून गेलं होतं. कियोमीनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, “काका, आठला पाणी सोडते आणि आम्ही सगळेच येतो. तोवर बाहेर पडू नका.”

“आठला येऊन काय दिवे लावणार?” तोमेझो सातलाच बूट चढवत पुटपुटला. “पाच म्हातारी डोकी, सगळ्यांच्या गुडघ्यांना पट्टे. पाऊण तासात ती भिंत फुटायची कशी?”

“अहो, पाणी नाहीये अजून,” आतून हारुए म्हणाली.

“ठाऊक आहे मला!”

त्यानं आळी उपसायला घेतली. बर्फ टाकायचं कुठं? दोन्ही कडांना छातीएवढे ढीग. मध्ये कोरडा पाट तेवढा मोकळा. त्यानं पहिलं फावडं पाटात टाकलं आणि उगीचच वर पाहिलं, कुणी ओरडतंय का. कुणी नव्हतं. मग तो टाकतच राहिला, फोडणं नाही की काही नाही. पाणी आलं की जाईल वाहून, असं मनाशी म्हणत राहिला. जात नाही हे त्याच्याइतकं वस्तीत कुणाला माहीत होतं?

आठला कियोमीनं फळी उचलली. पाणी आलं, तोमेझोनं दाबून भरलेल्या बर्फावर अडलं, फुगलं आणि आळीत पसरलं. पाहता पाहता सगळ्या आळीत गुडघाभर रबडी झाली. पावणेनऊला गाडी मोठ्या रस्त्यावर थांबून नुसता हॉर्न वाजवत राहिली.

सगळे धावत आले, बांबूंनी पाट मोकळा करू लागले.

“अरे, बोला की काहीतरी!” तोमेझो कळवळून ओरडला. “शिव्या घाला! मी कमी घातल्यात का तुम्हाला?”

“काका, बाजूला व्हा. पाय भिजतायत तुमचे,” कियोमी म्हणाली. इतक्या मायेनं, की म्हाताऱ्याला ते सोसवेना.

शेवटी हारुएला गोधडीत गुंडाळून बर्फ ढकलायच्या मोठ्या सुपात बसवलं आणि मागच्या शेतातून ओढत नेलं. ती हसत होती. “जन्मभर बर्फ ओढलंत, आज मला ओढताय. ढेकूळ फोडू नका म्हणजे झालं!”

गाडीपाशी पोचायला पावणेदहा वाजले. ड्रायव्हर फोनवर बोलला आणि मान खाली घालून म्हणाला, “आजोबा, आजींचे चार कपडे द्या. त्या आता तिथेच राहणार.”

हारुएचं हसू गेलं. “अहो, मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर दगड ठेवा,” ती खिडकीतून म्हणाली. “विसराल तुम्ही.” तोमेझोनं मान हलवली.

दुपारी खालच्या आळीची पाळी आली. तोमेझो दारात उभा होता. कियोमीनं त्याच्या डोळ्यांदेखत पाटाएवढं अख्खं ढेकूळ धप्पकन पाण्यात सोडलं आणि त्याच्याकडे पाहत उभी राहिली. बाकीच्यांचीही फावडी थांबली. ढेकूळ वळणावर अडकलं, पाणी चढायला लागलं.

तोमेझो पायऱ्या उतरला. बांबू उचलून त्यानं ते ढेकूळ फोडलं, पाणी वाहतं झालेलं पाहिलं आणि माघारी वळला.

“काका!” कियोमीचा आवाज फुटला. “अहो काका, ओरडा ना माझ्यावर!”

त्यानं बूट काढले, उंबऱ्याशी नीट जोडून ठेवले आणि दार लावून घेतलं.